अभ्यास : जिभेवर बसलेली शिवी



मागच्या गुरुवारी प्रश्नांच्या डब्यातून एक चिठ्ठी निघाली. नाव नव्हतं, आणि नसावंच असा आपला नियम आहे. मजकूर साधारण असा होता : मला राग आलेला नसतो, तरी वाक्यावाक्याला तोंडातून शिवी जाते, संध्याकाळी त्याच तोंडाने नाम घ्यायला बसतो तेव्हा लाज वाटते, ही सवय मोडायची कशी? चिठ्ठी वाचून झाल्यावर दोन-तीन जणांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी माझी नव्हती. पण असती तरी कुणाला नवल वाटलं नसतं. म्हणून हा पाठ लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी इंदूरला लोहामंडीच्या भागात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ३४ वर्षं बिल्ट्या बनवल्या. ज्यांनी ते जग पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. गाडी उशिरा आली की शिवी, वेळेवर आली तरी शिवी. माल उतरवताना शिवी, चहा आला की चहावाल्याला शिवी, आणि तोही हसून परत एक देणार. कुणाला वाईट वाटत नाही, असं आम्ही सगळे धरून चालायचो. सकाळी आंघोळ, पूजा, पोथी. साडेनऊला स्कूटरला किक मारली की दुसरी जीभ सुरू. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि शिव्या सगळ्या हिंदी खात्यात.

*आधी मोजलं*

सवय मोडायच्या आधी ती केवढी आहे ते बघावं म्हणून मी एक साधी गोष्ट केली. सकाळी निघताना उजव्या खिशात मूठभर हरभरे टाकले. एक शिवी गेली की एक हरभरा डाव्या खिशात. माझा अंदाज होता दिवसाला दहा-बारा. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत उजवा खिसा रिकामा झाला. ६३ हरभरे होते. आणि हे मला ऐकू आलेल्या शिव्यांचं झालं. ऐकू न आलेल्या किती, ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक हरभऱ्याबरोबर स्वतःला विचारलं, आत्ता राग होता का? खरा राग चार-पाच वेळा होता. एकदा बोट दरवाजात सापडलं होतं. बाकी सगळ्या शिव्या रिकाम्या. कुणी 'म्हणजे काय की' म्हणतो, कुणी 'ते हे' म्हणतो, तसा मी शिवीने श्वास घेत होतो. फोन उचलताना एक, ठेवताना एक. पेन सापडलं नाही तर पेनाला.

इथे पहिला फरक नीट लक्षात घ्यावा. रागाची किंवा वेदनेची शिवी वेगळी आणि ही सवयीची शिवी वेगळी. रागावर काम करून सवयीची शिवी जात नाही, कारण तिच्या मागे रागच नसतो. मी कित्येक वर्षं 'राग आवरायला हवा' म्हणून स्वतःला दोष देत होतो आणि औषध भलत्याच जागी लावत होतो.

*शिवी मेंदूत कुठे राहते*

शिवी काही उपयोगाची नसते असं म्हणणं खोटेपणाचं होईल. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. एकदा शिवी पुन्हा पुन्हा म्हणत, आणि एकदा टेबलाचं वर्णन करणारा एखादा साधा शब्द म्हणत. शिवी म्हणताना लोकांचा हात पाण्यात जास्त वेळ टिकला. शिवीने अंगात एकदम जोर येतो, वेदना थोडी बोथट होते. पण त्यांनीच २०११ साली पुढचा प्रयोग केला. त्यात दिसलं की जे लोक रोज भरपूर शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळतो. म्हणजे आम्हा मंडीवाल्यांचं सगळं भांडवल आधीच खर्च झालेलं. बोट दरवाजात सापडलं तेव्हा माझ्याकडे वापरायला काही शिल्लकच नव्हतं.

दुसरी गोष्ट आपल्या अभ्यासाला जास्त जवळची आहे. आपल्यातल्या काही घरांनी पक्षाघात पाहिला आहे. माणसाची वाचा जाते, 'पाणी' म्हणता येत नाही, मुलाचं नाव ओठावर येत नाही. पण कधीकधी त्याच माणसाच्या तोंडातून स्वच्छ शिवी बाहेर पडते. घरचे चमकतात, हे तर असं कधी बोलत नव्हते! याच माणसाला एक ते दहा आकडे म्हणता येतात, वार म्हणता येतात, आरती सुरू केली तर सोबत म्हणता येते, 'राम राम' म्हणता येतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले डॉक्टर जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी हे बारकाईने नोंदवून ठेवलं होतं. विचार करून जुळवलेलं बोलणं एक आणि आपोआप बाहेर पडणारं बोलणं दुसरं. पहिलं मोडलं तरी दुसरं शिल्लक राहू शकतं.

फ्रेंच कवी बोदलेअर यांना १८६६ साली बेल्जियममध्ये असताना पक्षाघात झाला. शब्दांवर हुकूमत असलेला तो माणूस, आणि त्याच्या वाट्याला उरली ती देवाच्या नावाने घातलेली एक अर्धवट फ्रेंच शिवी. काहीही सांगायचं असलं की तेच दोन शब्द. ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेल्या रुग्णालयात त्यांना ठेवलं होतं, त्यांची काय अवस्था झाली असेल ते आपण समजू शकतो.

मला हे वाचल्यावर झोप लागली नाही. म्हणजे आपोआप बोलण्याची एक कोठी आहे, आणि तिच्यात पाढे, आरती, नाम आणि शिवी एकाच फळीवर ठेवलेली आहेत. ज्या वस्तूला रोज हात लागतो ती पुढे येते. आपण म्हणतो जप मुरला पाहिजे, न ठरवता झाला पाहिजे. माझाही मुरला होता की! ३४ वर्षं, दिवसाला शंभर-सव्वाशे, न चुकता, माळ न घेता. फक्त मंत्र कुठला होता ते इथे लिहिता येत नाही.

*ती लागते कशी*

लागते संगतीने, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण संगत म्हणजे नेमकं काय, ते माझ्या बाबतीत सांगतो. मी ऑफिसात लागलो तेव्हा शिवी देत नव्हतो. घरचं वळण तसं होतं. तर मंडीतले लोक मला 'पंडितजी' म्हणायचे. आदराने नव्हे. मी आलो की बोलणं थांबायचं, हसणं थांबायचं. चहा मला वेगळा यायचा. वर्षभर हे सोसलं. एक दिवस ड्रायव्हर उशिरा आला आणि मी सगळ्यांसमोर त्याला पहिली शिवी हासडली. क्षणभर शांतता, मग असा हशा पिकला, की कुणीतरी पाठीवर थाप मारून मला बाकावर सरकून जागा दिली. त्या जागेची किंमत मी पुढे तीन तपं फेडत होतो. परक्या मुलखात वसलेल्या आपल्या पुष्कळ मुलांचं असंच होतं. बडोद्याला गुजरातीत होतं, बेळगावला कानडीत, हैदराबादला दखनीत. 'मी तुमच्यातलाच' हे सांगायला शिवी हा सगळ्यात स्वस्त दाखला.

आणि परक्या भाषेतली शिवी हलकी वाटते. यावरही काम झालेलं आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, तुर्की मातृभाषा असलेल्या लोकांच्या बोटांना यंत्र लावून त्वचेवरची सूक्ष्म घामाची हालचाल मोजली गेली. कॅथरिन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००३ साली आला. तोच असभ्य शब्द, तीच लहानपणची रागावण्याची वाक्यं, तुर्कीत ऐकली की अंग जास्त दचकायचं, इंग्रजीत कमी. मातृभाषेतला शब्द आईच्या आवाजासकट आत गेलेला असतो. नंतर शिकलेल्या भाषेतला शब्द तसा रुतलेला नसतो.

मी मराठीत ती शिवी जन्मात दिली नसती. जीभ वळलीच नसती. हिंदीत ती माझ्यासाठी नुसता आवाज होती. पण समोरचा हिंदी बोलणारा होता. माझी दुसरी भाषा ही त्याची पहिली होती. हे मला कळायला जो प्रसंग घडावा लागला तो आता सांगतो.

आमच्याकडे निमाडातला एक मुलगा लोडिंगचं बघायचा. बावीस-तेवीस वर्षांचा, हिशोबाला चोख. त्याची आई गेली. पंधरा दिवसांनी तो परत आला, डोकं भादरलेलं. मला मनापासून बरं वाटलं. त्याच्या गैरहजेरीत सगळा घोळ झाला होता, आणि मुलगाही माझ्या आवडीचा. मी काउंटरवरूनच हात वर करून ओरडलो, 'आ गया', आणि पुढे नेहमीचा शब्द. आईवरचा.

हे मी आता लिहितोय ते मला आठवतं म्हणून नव्हे. मला आठवतच नाही. तो दिवसभर काम करत राहिला, संध्याकाळी बिल्टीबुकं मोजून माझ्यासमोर ठेवली, गोदामाची किल्ली ठेवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. फोन उचलला नाही. मी चार लोकांत म्हणालोसुद्धा, हल्लीच्या पोरांना उपकाराची जाणीव नाही. महिन्याभराने एका म्हाताऱ्या हम्मालाने मला बाजूला घेऊन सांगितलं. मुलगा त्याला म्हणाला होता, की काल तिची तेरावी झाली आणि आज बाबूजींनी तिच्याबद्दल असं म्हटलं.

मी हम्मालाला म्हणालो, मी असं म्हटलंच नाही. तो म्हणाला, बाबूजी, तुम्ही रोज म्हणता.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे. त्यात पहिली अट अशी, की ऐकणाऱ्याला त्या बोलण्याने उद्वेग होऊ नये. सत्य, प्रिय, हितकर हे त्याच्या पुढे येतं. मी हा अध्याय कितीतरी वेळा म्हटला होता. पण मोजमाप ऐकणाऱ्याच्या कानाशी धरायचं आहे, माझ्या हेतूशी नाही, हे त्या हम्मालाने सांगेपर्यंत शिरलं नव्हतं. 'माझ्या मनात काही नव्हतं' हे माझं म्हणणं खरंच होतं. पण त्या मुलाच्या मनात होतं ना!

एक बाजूची गोष्ट, पण इथेच सांगायला हवी. आपल्या शिव्या कुणाला लागतात ते जरा बघा. भांडण दोन पुरुषांचं आणि शब्द त्यांच्या आया-बहिणींवर. ज्या बाईने आपलं काही वाईट केलं नाही, जी तिथे हजरही नाही, तिच्यावर. किंवा मग कुणाच्या जातीवर. जातीचं नाव शिवीसारखं तोंडात बसलेले लोक आपल्या सत्संगातही आहेत, स्पष्ट लिहितो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी देणं हा कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी ते सोडायलाच हवं होतं. भगिनींनीही हा पाठ भावांसाठी म्हणून बाजूला ठेवू नये. 'मेल्या', 'मुडद्या' हे शब्द आपण नातवाला लाडाने म्हणतो. त्यांचा अर्थ एकदा शांतपणे उच्चारून बघा.

जुन्या लोकांना शिवीची ताकद माहीत होती, म्हणून त्यांनी तिला दिवस नेमून दिला होता. होळीच्या रात्रीची बोंब आपण सगळ्यांनी मारली आहे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बोरीचा बार म्हणून तो प्रसिद्ध आहे. वर्षाचा तो एक दिवस, ठरलेली जागा. आम्ही रोज बार भरवत होतो.

*काय केलं तर फरक पडतो*

आधी काय केल्याने पडला नाही ते सांगतो, म्हणजे तुमचे दिवस वाचतील.

मी पहिल्यांदा सोमवारपासून एकदम बंद असा संकल्प सोडला. दुपारपर्यंत टिकला, आणि संध्याकाळी दुप्पट. लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवा : वैद्याने औषध दिलं आणि सांगितलं, घेताना फक्त माकडाची आठवण काढू नका. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला. अस्वल मनात आणायचं नाही असं सांगितल्यावर लोकांच्या मनात ते येतच राहिलं, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर आणखी जास्त आलं. नुसत्या 'नको'ने कोठीतली वस्तू मागे जात नाही.

मग दंड लावून पाहिला. शिवीला दहा रुपये, बरणीत. चौथ्या दिवशी मी सकाळीच बरणीत शंभराची नोट टाकली आणि मोकळा झालो. दंडाचा भाव झाला. सौ. म्हणाली, अहो, देवळातल्या दानपेटीत टाकले असते तर निदान पुण्य तरी लागलं असतं.

मग शब्द बदलून पाहिला. मोठीऐवजी 'आयला', 'च्यायला'. ही त्याच आईवरच्या शिवीची झिजलेली नाणी आहेत, बाजारात तीच चालतात. नंतर एका गुरुबंधूच्या सांगण्यावरून शिवीच्या जागी 'राम' म्हणायला लागलो. आठवड्याने मी गाडीवाल्याला 'ए राऽऽम' असं ओरडलो, आणि त्याला शिवी बसल्यासारखाच तो वळून भांडायला आला. त्याचं बरोबर होतं. शब्द रामाचा होता, आवाज जुनाच. नामाची अशी विटंबना करू नये. रिकाम्या जागेत नाम ठेवायचं, पण आधी जागा रिकामी व्हायला हवी.

कामाला आलं ते असं. नॅथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ साली नकळत होणाऱ्या सवयींवर, म्हणजे डोळे मिचकावणं, नखं खाणं, खांदे उडवणं यांवर एक पद्धत मांडली. तिचा गाभा दोन गोष्टींत आहे. सवय घडायच्या अगदी आधीचा क्षण ओळखायचा, आणि त्या क्षणी अशी एक कृती करायची की सवय शरीराने करताच येणार नाही. नखं खाणाऱ्याने हात मुठीत धरायचा. शिवीसाठी मी काय केलं, तर ओठ मिटून नाकाने एक पूर्ण श्वास बाहेर सोडायचा. तोंड मिटलेलं असताना शिवी देता येत नाही. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण करून पाहा.

अवघड भाग श्वासाचा नाही, आधीच्या क्षणाचा आहे. तिथेच हरभरे कामाला येतात. दहा-बारा दिवस नुसतं मोजलं, सुधारायचा प्रयत्न केला नाही. मग हळूहळू जागा दिसायला लागल्या. माझ्या ठरलेल्या जागा अशा : फोनची घंटा, समोरच्या गाडीचा ब्रेक, हिशोबात फरक, क्रिकेट, आणि एका विशिष्ट मित्राला भेटणं. प्रत्येकाच्या जागा निराळ्या असतील. शिवी यायच्या आधी माझी जीभ वरच्या दातांच्या मागे जाऊन टेकते, तेही कळायला लागलं. आधी शिवी गेल्यावर हरभरा हलायचा, मग शिवी अर्ध्यात तुटायला लागली, मग कधीकधी जीभ टेकली की ओठ मिटायला लागले. हा क्रम घाईने होत नाही.

जे ऐकू येत नाहीत त्यांच्यासाठी दुसरा कान लागतो. मी ते काम सौ.वर सोपवलं. अट एकच, बोलायचं नाही, टोमणा नाही, फक्त टेबलावर बोट टेकवायचं. टोमण्याने माणूस चिडतो आणि चिडल्यावर काय येतं ते माहीत आहेच. एकदा जेवताना तिने इतक्या वेळा बोट टेकवलं की मी विचारलं, तबला वाजवतेस का. तरी तिने तोंड उघडलं नाही. ऑफिसात हे काम मी त्या म्हाताऱ्या हम्मालालाच दिलं. त्याला आधी पटेना, बाबूजींना कसं टोकायचं. मग तो नुसता खोकायचा.

रिकामी व्हायला लागलेल्या जागेत काय ठेवायचं? ज्या जागांवर शिवी येते त्याच जागांवर, पण शिवी येण्याच्या कितीतरी आधी, नाम ठेवावं. फोन वाजायच्या आधी तर ठेवता येत नाही, म्हणून मी घंटा ऐकली की दोनदा वाजू देतो आणि तेवढ्यात मनात नाम घेतो, मग उचलतो. स्कूटरची किल्ली फिरवताना एकदा. वही उघडताना एकदा. हे भक्तीचं मोठं काम आहे असा आव नको. ही कोठी लावण्याची हमाली आहे.

किती दिवस? २१ दिवसांत कुठलीही सवय सुटते असे मेसेज आपल्याच ग्रुपवर फिरतात. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांना एक नवी साधी सवय लावून घ्यायला सांगितली, २०१० साली तो अभ्यास छापून आला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला, मधला आकडा ६६. हे नवी सवय लागण्याचे दिवस आहेत. ३४ वर्षांची जुनी काढायला किती, ते तुम्हीच धरा. त्यातच एक धीर देणारी गोष्ट दिसली. एखादा दिवस चुकला म्हणून केलेलं वाया गेलं नाही. म्हणून एखाद्या दिवशी डावा खिसा भरला तर अनुष्ठान मोडलं म्हणून सोडून देऊ नये. दुसऱ्या दिवशी हरभरे पुन्हा उजव्या खिशात.

एक सावधगिरी. ट्युरेट नावाचा मेंदूचा आजार असतो, त्यात काही थोड्या रुग्णांच्या तोंडून इच्छा नसताना असभ्य शब्द जातात. विस्मरणाच्या आजारातही जन्मभर सात्त्विक राहिलेली आजी एकाएकी शिव्या देऊ लागते. अशा माणसांना हा पाठ वाचून दाखवू नये, हरभरे तर मुळीच देऊ नयेत. त्यांना डॉक्टरकडे न्यावं, आणि घरात पाहुणे आले म्हणून त्यांना आतल्या खोलीत कोंडू नये. आपल्या ओळखीच्या एका घरात तसं होत होतं, म्हणून लिहिलं.

आता त्या मुलाचं. मी त्याला शोधत गेलो. सियागंजात एका दुकानावर काम करतो. जाण्याआधी मी मनात बरीच वाक्यं जुळवली होती : बेटा, ती शिवी नव्हती, माझी बोलण्याची पद्धतच तशी, तुला माहीत आहे. दुकानाच्या पायरीवर मला कळलं की हे सगळं मी माझ्या बचावासाठी बोलणार आहे. म्हणून फक्त एवढंच म्हटलं, की तुझ्या आईबद्दल मी तसं बोललो, मला माफ कर. त्याने काट्यावरचं पोतं उतरवलं, म्हणाला, कोई बात नहीं बाबूजी. पाणी विचारलं. मग पुढचं पोतं ठेवलं. खरंच माफ केलं की गिऱ्हाईक समोर होतं म्हणून म्हणाला, ते मला ठरवता आलं नाही. मी पुन्हा विचारायला गेलो नाही.

*या आठवड्याचा अभ्यास*

उद्यापासून सात दिवस फक्त मोजायचं आहे. सोडायचं काही नाही, शपथ नाही, दंड नाही. हरभरे नकोत तर शेंगदाणे घ्या, पण शेंगदाणे खाल्ले जातात असा अनुभव आहे. शिव्यांमध्ये 'आयला', 'मेल्या', जातीवरचे शब्द, आणि गाडीत काच बंद करून दिलेलंही धरावं. ज्यांना शिवीची सवय नाही त्यांनी 'मूर्ख', 'बावळट', 'अक्कल नाही' हे मुलांना दिवसातून किती वेळा म्हणतो ते मोजावं.

रोजचा आकडा आणि शेजारी जागा, एवढंच चिठ्ठीवर लिहावं. 'फोन, ९' किंवा 'सून, ४' असं चालेल. नाव लिहू नये. गुरुवारी त्या जागा वाचून दाखवू आणि ओठ मिटून श्वास सोडण्याचा सराव सगळे मिळून करू. डबा नेहमीच्या ठिकाणी, चपलांच्या रॅकशेजारी असेल. माझीही चिठ्ठी त्यात असेल. कालची मोजणी पाच, त्यातल्या तीन पलासियाच्या चौकात.